हँडल गेलं, बॅटरी उरली

तुमच्या-आमच्या गाड्यांमधून गेल्या शंभर वर्षांत तीन हँडलं गायब झाली. पहिलं, गाडीच्या नाकात घालून गरगर फिरवायचं स्टार्टिंग हँडल. दुसरं, दारावरचं काच वरखाली करायचं हँडल. तिसरं म्हणजे खरं तर हँडल नव्हे, चार माणसांनी मागून मारलेला धक्का. पण कामाच्या दृष्टीने तेही हँडलच. या तिघांच्या जागी आपण एकच गोष्ट आणून बसवली, बॉनेटखालची ती काळी बारा व्होल्टची पेटी. आमच्या धंद्यातल्या भाषेत याला 'सिंगल पॉईंट ऑफ फेल्युअर' म्हणतात. सर्व्हरच्या बाबतीत असलं डिझाईन कोणी रिव्ह्यूला आणलं तर आपण त्याला हसून परत पाठवू. गाडीच्या बाबतीत मात्र हेच डिझाईन आपण जास्तीचे पैसे मोजून 'टॉप मॉडेल' म्हणून घरी आणतो :-)

हे असं का झालं, त्यात काय मिळवलं आणि काय घालवलं, याचा हा थोडा इतिहास. मला तो शोधावासा वाटला त्याला एक कारण आहे, ते पुढे येईलच.

सुरुवात पहिल्या हँडलपासून करू. १९१० च्या आसपासची पेट्रोल गाडी चालू करणं हे अंगमेहनतीचं आणि बऱ्यापैकी धोक्याचं काम होतं. पुढच्या बाजूने लोखंडी हँडल घालायचं आणि जोर लावून इंजिन फिरवायचं. ठिणगी जरा आधी पडली की इंजिन उलटं फिरायचं आणि ते हँडल थेट मनगटावर. हातमोडीचा हा प्रकार इतका नेहमीचा झाला की मनगटाजवळच्या एका विशिष्ट फ्रॅक्चरला डॉक्टर लोक आजही 'शोफर्स फ्रॅक्चर' म्हणतात. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, त्याचा विळखा घालायचा नाही, असं जुने ड्रायव्हर शिकवायचे ते यासाठीच.

त्या काळात बॅटरीवर चालणाऱ्या गाड्याही होत्या आणि त्या चालू करायला फक्त एक खटका लागायचा. खुद्द हेन्री फोर्डच्या बायकोकडे, क्लारा फोर्डकडे, स्वतःच्या नवऱ्याची मॉडेल टी सोडून 'डेट्रॉईट इलेक्ट्रिक' होती. यात काय ते समजा!

मग आला चार्ल्स केटरिंग. हा माणूस आधी नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत होता. दुकानातल्या गल्ल्याचा ड्रॉवर विजेवर उघडणारी मोटर त्याने तिथे बनवली होती. तेव्हाचे विद्वान म्हणायचे, इंजिन फिरवायला लागणारी मोटर गाडीएवढीच मोठी होईल. केटरिंगला गल्ल्याच्या मोटरवरून माहीत होतं, की मोटर दिवसभर चालवायची नसेल, फक्त दोन-चार सेकंद चालवायची असेल, तर लहानशा मोटरला तिच्या कुवतीच्या कितीतरी पट काम सांगता येतं. ती तापायच्या आत काम संपतं. झालं. कॅडिलॅकच्या हेन्री लेलंडने त्याला काम दिलं आणि १९१२ च्या मॉडेलमध्ये सेल्फ-स्टार्टर आला. तीच मोटर नंतर जनरेटर म्हणून फिरून बॅटरी चार्ज करायची. स्टार्ट करताना २४ व्होल्ट, चार्जिंगला ६ व्होल्ट, अशी ती गमतीशीर व्यवस्था होती. १९१९ पासून फोर्डच्या मॉडेल टीलाही सेल्फ मिळू लागला. पेट्रोल गाडी हँडल न मारता चालू व्हायला लागली आणि बॅटरीवरच्या गाड्यांचा एक मोठा फायदाच संपला. पुढच्या काही वर्षांत त्या बाजारातून जवळजवळ नाहीशा झाल्या.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. हँडल गेलं ते चांगलंच झालं. मनगटं वाचली, बायका आणि म्हातारी माणसं आपली आपण गाडी चालू करू लागली. 'जुनं ते सोनं' असलं काही मला म्हणायचं नाहीये. पण त्या दिवसापासून गाडीत बॅटरी ही चैनीची वस्तू न राहता गरज बनली.

बॅटरी स्वतः तोवर बरीच जुनी होती. शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाम्ल, हा प्रकार गास्तों प्लांते नावाच्या फ्रेंच माणसाने १८५९ साली शोधला. म्हणजे आपल्याकडे सत्तावन्नचं बंड नुकतंच शमलं होतं तेव्हा. १८८१ मध्ये कामीय फोर याने पट्ट्यांवर शिशाच्या ऑक्साईडचा लेप द्यायची युक्ती काढली आणि बॅटरी कारखान्यात बनवण्याजोगी झाली. आज तुमच्या गाडीत आहे ती मूळ कल्पनेने तीच. मोबाईलची बॅटरी तीनदा पिढी बदलून बसली, गाडीची सेल्फ मारणारी बॅटरी आजी आहे ती आजीच. बदल झाला तो तिच्या भोवती. १९५० च्या दशकात अमेरिकेत सहा व्होल्टचे बारा व्होल्ट झाले. १९६० साली क्रायसलरने व्हॅलिअंट गाडीत डायनामोच्या जागी अल्टरनेटर दिला. डायनामो इंजिन सावकाश फिरत असलं की काहीच चार्ज करत नाही, अल्टरनेटर करतो. सिलिकॉन डायोड स्वस्त झाले म्हणून हे शक्य झालं. आणि एकदा वीज मुबलक झाल्यावर माणूस काय करतो? जे आपण रॅम स्वस्त झाल्यावर केलं तेच. वाट्टेल तशी खर्च करतो.

आता आपल्याकडे येऊ. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. त्याच वर्षी महिंद्रांनी मुंबईत जीपची जोडणी सुरू केली. पुढे फियाट अकराशे आली, १९७० च्या दशकात तिचंच नाव प्रीमियर पद्मिनी झालं. तिकडे बंगालात अँबॅसिडर. पुढची तीस-चाळीस वर्षं भारतात गाडी म्हणजे हे दोन-तीन चेहरे. नवीन काही द्यायला स्पर्धा नव्हती आणि परदेशी सुटे भाग आणायला परवाने लागत. त्यामुळे जगात जी हँडलं संपली होती ती आपल्याकडे तब्येतीत टिकून होती. अँबॅसिडरच्या नाकातलं आणि जीपच्या बंपरमधलं ते भोक आपल्या आधीच्या पिढीने वापरलेलं आहे. बॅटरी बसली तर 'हँडल मार', नाहीतर 'धक्का मार'. गाव काय, शहर काय, यात कुणालाच काही विशेष वाटत नसे. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. तिच्याबरोबर काचेचं हँडल फिरवत टॅक्सीवाल्याशी गप्पा मारायची सोयही गेली.

काचेच्या हँडलची गोष्ट थोडी वेगळी आहे. अगदी सुरुवातीच्या बंद गाड्यांमध्ये काच चामड्याच्या पट्ट्याने वर ओढायची असे, जुन्या आगगाडीच्या डब्यासारखी. मग दाराच्या आत कात्रीसारखे दोन दांडे आणि दातेरी चक्र बसवून हँडल आलं. पहिली पॉवर विंडो १९४० च्या पॅकार्ड गाडीत आली, पण ती आजच्यासारखी नव्हती. विजेवर चालणारा पंप तेलाला दाब द्यायचा आणि तेल काच उचलायचं. पाईप गळायचे आणि तेल दाराच्या आत ठिबकायचं. १९५१ च्या क्रायसलर इम्पीरियलमध्ये तेल गेलं आणि प्रत्येक दारात स्वतंत्र मोटर आली. आजची पॉवर विंडो हीच. एक छोटी डीसी मोटर, तिला वर्म गिअर, त्याला केबल किंवा कात्री. बटण वर केलं की करंट एका दिशेने, खाली केलं की उलट्या दिशेने. बस, इतकंच.

भारतात ही चैन सर्वसामान्य मध्यमवर्गात पोहोचली ती १९९१ च्या उदारीकरणानंतर. १९९५-९६ मध्ये सिएलो, एस्कॉर्ट, अ‍ॅस्ट्रा अशा गाड्या आल्या. १९९८ च्या डिसेंबरमध्ये पुण्यातल्या टाटांनी इंडिका आणली, तिच्या वरच्या मॉडेलात पुढच्या दोन काचा बटणावर होत्या. 'फुल्ली लोडेड' हा शब्द आपल्या घराघरांत त्याच सुमारास शिरला. ज्यांना टॉप मॉडेल परवडत नसे ते बाहेरून पॉवर विंडोचं किट आणि सेंट्रल लॉकिंग बसवून घेत. अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात दोन-तीन तासांचं काम. हे दुकानवाले वायर कुठून घेत आणि कुठे जोडत, हे मात्र देवालाच ठाऊक.

आणि मग २६ जुलै २००५ आला.

त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मी तेव्हा शाळेत होतो, तेही केशोरीत, मुंबईपासून महाराष्ट्राच्या अगदी दुसऱ्या टोकाला. पण टीव्हीवरच्या त्या बातम्या अजून आठवतात. गाड्यांत अडकून माणसं गुदमरून गेली होती. पाणी चढलं, इंजिन बंद पडलं, लॉक आणि काचांची वीज गेली, बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार उघडेना आणि काच खाली करायला हँडल नव्हतं. त्यानंतर कित्येक मुंबईकर गाडीत हातोडी ठेवू लागले. गाडीत पंचवीस रुपयांचं एक हँडल असतं तर... हा विचार तेव्हा खूप जणांच्या मनात आला असणार.

यावर कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठातले प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी बरीच वर्षं खऱ्याखुऱ्या गाड्या पाण्यात बुडवून अभ्यास केला आहे. त्यांचं सांगणं सोपं आहे. गाडी पाण्यात गेली की पहिल्या मिनिटाच्या आत बेल्ट सोडा, काच उघडा, मुलांना आधी बाहेर काढा आणि स्वतः निघा. दाराच्या नादी लागू नका आणि फोन करत बसू नका. पाण्यात गेल्या गेल्या पॉवर विंडो सहसा थोडा वेळ चालते, तो वेळ वाया घालवायचा नाही. काच फोडायची वेळ आली तर बाजूची, तीही कोपऱ्यात. पुढची काच दोन थरांमध्ये चिकट पापुद्रा घालून केलेली असते, ती तडकते पण फुटून पडत नाही. हे वाचून सोडून देऊ नका मंडळी, घरच्यांनाही सांगा.

आता तिसऱ्या हँडलकडे, म्हणजे धक्क्याकडे. जुन्या डिझेल गाडीत पंप यांत्रिक असे. डिझेलला ठिणगी लागत नाही. त्यामुळे बॅटरीत एक छोटा सोलेनॉईड उघडा ठेवण्यापुरती जरी धुगधुगी असली तरी धक्क्यावर गाडी सुरू व्हायची. मग इंजेक्शनचं काम कॉम्प्युटरने घेतलं. त्या कॉम्प्युटरला जागं राहायला नीट व्होल्टेज लागतं. बॅटरी पार मेली असेल तर चार काय, चाळीस माणसांनी ढकललं तरी उपयोग नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर विषयच संपला.

कॉम्प्युटरही एक नाही. १९८६ च्या फेब्रुवारीत बॉशने डेट्रॉईटमध्ये 'कॅन' नावाचा प्रोटोकॉल मांडला, म्हणजे गाडीतल्या सगळ्या डब्यांनी दोन वायरींवर एकमेकांशी बोलायचं. १९९१ च्या मर्सिडीज एस क्लासमध्ये तो रस्त्यावर आला, आता जवळपास प्रत्येक गाडीत आहे. वायरिंगची मोळी कमी झाली हे खरं. पण आता गाडी बंद करणं म्हणजे स्विच बंद करणं उरलं नाही. लॅपटॉपसारखं तिला झोपवावं लागतं. किल्ली काढल्यावर एक एक डबा झोपतो, सगळे शांत व्हायला पाच ते तीस मिनिटं लागतात. एखाद्याला झोप लागली नाही तर तो रात्रभर इतरांनाही जागं ठेवतो. हॉस्टेलवर राहिलेल्यांना हा प्रकार समजावून सांगायला नको.

झोपलेली गाडीही थोडं पितेच. घड्याळ, अलार्म, रिमोटची वाट पाहणारा रिसिव्हर. हे सगळं मिळून वीस ते पन्नास मिलिअँपच्या आत असलं तर ठीक. हिशेब करून पाहा. पन्नास मिलिअँप म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-अवर. पंचेचाळीसची नवी बॅटरी असेल तर अर्धी व्हायला अठरा-एकोणीस दिवस लागतील. तेच गळती अर्धा अँपिअर झाली तर दोन दिवसांत अर्धी. हा आपला ओळखीचा मेमरी लीकच आहे. प्रोग्राम चालतोय, कोणाला काही कळत नाही, आणि एका सकाळी सगळं ठप्प. त्यावर सगळ्यांचा उपायही तोच, रीस्टार्ट करा. गाडीच्या भाषेत, बॅटरी बदला!

आता माझं कारण सांगतो.

केशोरी हे आमचं गाव. गोंदिया जिल्हा, तालुका अर्जुनी मोरगाव. मिरचीसाठी नाव आहे गावाचं. जवळ इटियाडोह धरण, गोठणगावच्या बाजूला तिबेटी लोकांची वसाहत, सगळीकडे धान आणि जंगल. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा झाला, त्याचा नंबर एमएच ३५. पण गावातल्या बऱ्याच गाड्यांवर नंबर असतो एमएच ३१, म्हणजे नागपूर. शहरात दहा-बारा वर्षं चाललेली गाडी आमच्याकडे दुसरा जन्म घेते. वर सांगितलेला सगळा इतिहास असाच एक-दीड दशक उशिरा पोहोचतो, सोबत आधीच्या मालकांनी केलेल्या सगळ्या जोडण्या घेऊन.

आमच्या मोठ्या बाबांकडे (म्हणजे बाबांचे मोठे भाऊ) अशीच एक डिझेल गाडी आहे, २००६ सालची. कंपनी सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हताच. दोन तक्रारी होत्या. डावीकडची काच अर्ध्यावर येऊन थांबायची, आणि गाडी तीन-चार दिवस उभी राहिली की बॅटरी पार बसायची. तीही कधी कधीच. उन्हाळ्यात सगळं सुरळीत, पाऊस लागला की नाटक सुरू. दोन वर्षांत दोन बॅटऱ्या झाल्या. "बॅटरी बदला ना जी, काहून डोकं खपवता," हे उत्तर त्यांना तीन ठिकाणी मिळालं होतं. झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात, तिथून पहाटे परत निघताना प्रेक्षकांकडून धक्का मारून घेणं ही तर घरातली थट्टेची गोष्ट झाली होती.

गेल्या पावसाळ्यात ती थट्टा राहिली नाही. बांधावरून आलेल्या शेजारच्या माणसाला रात्री साप चावला. आळीत चारचाकी एकच, आणि ती उठेना. धक्का मारायला माणसं होती, पण चिखलात गाडी वेग घेईना. शेवटी १०८ ची गाडी आली, माणूस वाचला. पण मधला जो वेळ गेला, त्याबद्दल मोठे बाबा अजून बोलत नाहीत. फोनवर मला एवढंच म्हणाले, "बाबू, येशील तेव्हा पाहून दे एकदा. नाही तर इकून टाकतो." गाडी विकली असती तर आळीतली एकमेव गाडी गेली असती. म्हणून दिवाळीला गेलो तेव्हा मीटर घेऊनच गेलो.

मीटरवरून आठवलं. ज्याला आपण मल्टीमीटर म्हणतो तो ब्रिटिश पोस्टातल्या डोनाल्ड मॅकॅडी या इंजिनियरमुळे १९२३ साली बाजारात आला. अँपिअर, व्होल्ट आणि ओहम मोजायला तीन यंत्रं वागवायचा त्याला कंटाळा आला होता. आळसातून लागलेला आणखी एक शोध. आपल्याकडे कॉलेजच्या आणि आयटीआयच्या लॅबमध्ये काट्याचा जो मीटर असे, तो बहुतेक वेळा नाशिक रोडच्या मोटवाने कंपनीचा. या घराण्यातल्या नानिक मोटवाने यांच्या 'शिकागो रेडिओ'चे लाऊडस्पीकर काँग्रेसच्या सभांना लागत. १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईतून चालवलेल्या गुप्त 'काँग्रेस रेडिओ'च्या खटल्यात नानिक मोटवानेही आरोपी होते, पुढे ते निर्दोष सुटले. असो, विषय भरकटला. पण लॅबमधला तो मीटर हातात घेताना हे कुणी सांगितलं असतं तर प्रॅक्टिकल जरा मन लावून केलं असतं :-)

तर पद्धत अशी. आधी काचेचं पाहिलं. किल्ली चालू करून, आतला दिवा लावून, काचेचं बटण दाबायचं आणि दिव्याकडे बघायचं. दिवा मंदावला तर करंट मोटरपर्यंत जातोय, म्हणजे काच किंवा मोटर अडकली आहे. रबरी खाचा वाळून कडक होणं हे त्याचं सगळ्यात साधं कारण. दिवा ढिम्म हलला नाही तर फ्यूज, स्विच किंवा वायर. आमचा दिवा किंचितच हलत होता. दोन्ही बाजूंच्या स्विचची अदलाबदल करून पाहिली, तरी डावीच काच रुसलेली. म्हणजे स्विच चांगला, संशय वायरवर.

मग बॅटरी. ती पूर्ण चार्ज करून घेतली. निगेटिव्ह केबल काढून मीटर मध्ये जोडला, दहा अँपिअरच्या रेंजवर. दाराचं कुलूप स्क्रू-ड्रायव्हरने आतल्या आत बंद केलं म्हणजे गाडीला वाटावं दार लागलंय. अर्धा तास थांबलो. या वेळात गाडीला हात लावायचा नाही, किल्ली तर अजिबात फिरवायची नाही, सेल्फ मारला तर मीटरचा फ्यूज उडेल. अर्ध्या तासाने आकडा होता चाळीस मिलिअँप. एकदम निरोगी!

इथेच सगळे फसत होते. कोरड्या दिवशी गाडीला काही आजारच नव्हता. गावातला एक मुलगा धानाच्या पंपांच्या मोटरी बांधतो, तो बघत उभा होता. तो म्हणाला, "पावसात होते ना जी? मग पाणी टाकून पाहा ना." प्रोडक्शनमधला बग लोकलवर रिप्रोड्यूस करा, एवढंच तो सांगत होता. डाव्या दारावर, बिजागरीच्या बाजूने, दोन तांबे पाणी ओतलं. टकटक असा बारीक आवाज आला आणि मीटर चाळीसवरून तीनशे चाळीसवर गेला.

एक एक फ्यूज काढत गेलो. सेंट्रल लॉकिंगचा फ्यूज काढला आणि आकडा खाली. डॅशबोर्डखाली हात घातल्यावर आधीच्या कुठल्यातरी मालकाने बसवलेला एक डबा सापडला. गाडी लॉक केली की काचा आपोआप वर घेणारा. त्याने वीज थेट बॅटरीकडून घेतली होती. दार आणि खांब यांच्यामध्ये वायरींसाठी एक रबरी नळी असते, दार उघडताना-लावताना ती दर वेळी वाकते. ती चिरली होती. आत लॉकच्या सिग्नलची वायर सोलवटून हिरवी पडली होती, आणि डाव्या काचेच्या मोटरची वायर चार-पाच तारांवर जेमतेम लटकत होती. ओल आली की सिग्नलची वायर बॉडीला लागायची, डब्याला वाटायचं आत्ताच लॉक दाबलंय, आणि तो दोन्ही काचांचे रिले धरून बसायचा. दोन रिले मिळून तीनशे मिलिअँप. एकूण गळती दिवसाला आठ अँपिअर-अवरहून जास्त. तीन-चार दिवसांत बॅटरी बसायची ती अशी. आणि काचेला पुरेसा करंट मिळत नव्हता तोही त्याच नळीत. दोन तक्रारी, मूळ एकच.

डबा काढून टाकला. वायरी नव्याने जोडल्या, झाळल्या, वर स्लीव्ह घातली, नळी बदलली. खर्च दोनशेच्या आत. काचेच्या खाचांत सिलिकॉनचा स्प्रे मारला. पुन्हा दोन तांबे पाणी ओतलं. मीटर चाळीसवर ढिम्म. पंपवाल्या मुलाने पैसे घेतले नाहीत, चहा घेतला.

यावर "म्हणून जुनी हँडलंच बरी" असं म्हणायचा मोह होतो, पण ते खरं नाही. स्टार्टिंग हँडलने माणसं जायबंदी केली होती. चूक सोय आणण्यात नव्हती, सोय आणताना मागचा रस्ता बुजवण्यात होती. प्रत्येक वेळी एक सोय आली आणि तिच्याबरोबर एक पळवाट बंद झाली, आणि ते बंद होताना कोणी मोजलं नाही. शहरात फोन केला की तासाभरात कुणीतरी जंपर केबल घेऊन येतो, म्हणून आपल्याला ते जाणवत नाही. त्याची किंमत मोजली जाते ती जुन्या गाड्या जिथे जातात तिथे, जिथे रात्री अकरा वाजता दुसरी गाडी नसते.

म्हणून आपापली जुनी गाडी विकताना किंवा गावी पाठवताना एक काम करा. नंतर बसवलेले डबे, अलार्म, स्टिरिओच्या थेट जोडण्या काढून टाका, एकदा मीटर लावून गळती मोजा आणि तो आकडा कागदावर लिहून आरसीसोबत द्या. आपण कोड दुसऱ्या टीमला देताना डॉक्युमेंट देतो ना, तसंच. आणि गाडी आपल्याच गावी जात असेल तर सोबत एक चार्ज केलेला जंप-स्टार्टर ठेवा. नवं हँडल समजा त्याला.

जाता जाता एक गंमत. आजच्या इलेक्ट्रिक गाडीत चाकांसाठी भलीमोठी लिथियमची बॅटरी असते, पण बहुतेक गाड्यांत कॉम्प्युटर, कुलुपं आणि काचांसाठी ती बारा व्होल्टची लहान बॅटरी असतेच. ती बसली तर मोठी बॅटरी शंभर टक्के भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. क्लारा फोर्डची इलेक्ट्रिक गाडी एका खटक्यावर चालू व्हायची. शंभर वर्षं फिरून आपण तिथेच आलोय, फक्त खटक्याला विचारून सांगणारे पन्नास कॉम्प्युटर मध्ये बसवलेत.